विषय: वाईतला सिनेमा, माझे वीस लाख आणि इन्कम टॅक्स

वाईकर (न्यू जर्सी, सध्या मुक्काम घरी):

मंडळी, नमस्कार.
सुट्टीवर आलोय. चुलतभाऊ आणि त्याचे तीन मित्र मराठी सिनेमा काढतायत. थोडं शूटिंग मेणवलीच्या घाटावर, बाकीचं आमच्याच वाड्यात. भागीदारी फर्म आहे, खर्च सव्वा कोटी, माझ्याकडून वीस लाख हवेत. दादा म्हणतो, चालला तर नफा, पडला तर तोटा तुझ्या साताऱ्याच्या घरभाड्यातून वजा, म्हणजे कर वाचला. ऐकायला कंदी पेढ्यासारखं गोड आहे, म्हणूनच शंका येते. सांगलीकर काका, आपण बघाल का?

सांगलीकर काका:

पेढा जरा बाजूला ठेव.

तुझ्या दादाला हे कुणी सांगितलं ते ठाऊक नाही, पण तो सल्ला तीस वर्षांहून जुना आहे. पूर्वी नोंदणीकृत फर्मचा तोटा भागीदारांत वाटला जायचा. १९९२ च्या वित्त कायद्याने ते बंद केलं, आकारणी वर्ष १९९३-९४ पासून. आता फर्म स्वतः ३० टक्के आणि वर सेस भरते, तुझ्या वाट्याचा नफा कलम १०(२अ) खाली करमुक्त. नफा तुझ्या हातात येताना कर नाही, तसाच तोटाही तुझ्या रिटर्नमध्ये येत नाही. तो फर्मच्याच वहीत राहतो आणि ८ वर्षं तिच्याच धंद्याच्या नफ्यातून वजा होतो. एक सिनेमा करून फर्म गुंडाळली की संपलं. मध्येच तू बाहेर पडलास तर तुझ्या वाट्याचा तोटा फर्मलाही पुढे नेता येत नाही, कलम ७८.

आता सिनेमाचं. आयकर नियमांतला नियम ९अ. सेन्सॉरचं सर्टिफिकेट ज्या वर्षी मिळालं त्या वर्षी निर्मितीखर्च वजा होतो, पण पूर्ण वजावट हवी तर वर्ष संपायच्या किमान ९० दिवस आधी सिनेमा लागायला हवा, थोडक्यात डिसेंबर संपायच्या आत. मार्चमध्ये पाडवा गाठून लावला आणि ३१ पर्यंत १५ लाख आले, तर त्या वर्षी १५ लाखच वजा, उरलेले एक कोटी दहा लाख पुढच्या वर्षी. सर्टिफिकेट घेऊन डबा कपाटात ठेवला आणि हक्कही विकले नाहीत, तर त्या वर्षी काहीच नाही. सर्टिफिकेटनंतरची जाहिरात या खर्चात धरत नाहीत, आणि सरकारी अनुदान मिळालं तर तेवढा खर्च कमी धरतात. ही सगळी वजावट फर्मला, तुला नव्हे.

करारात भांडवलावर व्याज लिहिलंय का ते बघ. १२ टक्क्यांपर्यंत फर्मला खर्च मिळतो, पण ते व्याज तुझं करपात्र उत्पन्न. फर्म बुडीत आणि तू कर भरतोयस असली गंमत मी पाहिली आहे. शिवाय साधी भागीदारी म्हणजे फर्मकडे पैसे मागणारे तुझ्या घरापर्यंत येऊ शकतात, वीस लाखांवर थांबत नाहीत.

(कलमं १९६१ च्या कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू, तेव्हा क्रमांक ताजे करून घे.)

मिरजकर:

काका, १८४३ ला भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं तेव्हा पाठीशी संस्थानिक होते. आता संस्थानिकांच्या जागी न्यू जर्सीचा चुलतभाऊ :)

डॅलसकर:

अमेरिकेची बाजू काका सांगणार नाहीत, म्हणून लिहितो. इथली सिनेमाच्या खर्चाची कलम १८१ ची वजावट २०२५ अखेरपर्यंत सुरू झालेल्या सिनेमांनाच होती, आणि तिलाही मोबदल्याचा ७५ टक्के भाग अमेरिकेत केलेल्या कामाचा लागायचा. मेणवली त्यात कशी बसायची? साध्या भागीदारीचा तोटा इथे तुझ्यापर्यंत पोचतो खरा, पण तू कामात नसशील तर तो पॅसिव्ह, पगारातून वजा नाही. आणि भारतातली एलएलपी, जिथे सगळ्यांची जबाबदारी मर्यादित आहे, ती इथे आपोआप कॉर्पोरेशन धरली जाते. परदेशी भागीदारीची माहिती देणारा फॉर्म ८८६५ किंवा परदेशी कॉर्पोरेशनचा ५४७१ भरायची वेळ आली आणि राहिला, तर दंड दहा हजार डॉलरपासून सुरू.

वाईकर:

दादाला विचारलं, रिलीज कधी? म्हणाला पाडव्याला. नंतर फर्म ठेवणार? म्हणाला, कशाला?
भागीदारी नाही. वाडा शूटिंगला फुकट, आणि दोन लाख भेट म्हणून. आई खूश आहे.

सांगलीकर काका:

थांब. चुलतभाऊ आयकराच्या व्याख्येत नातेवाईक नाही. वर्षभरात अशा लोकांकडून मिळून ५०,००० च्या वर भेट गेली की सगळ्या रकमेवर दादाला कर. द्यायचेच तर पन्नास हजार दे, आणि वर एक रुपया घालायची आपली रीत या वेळी पाळू नकोस.