चवथीनंतर घर सोडून गाडीतच राहायचंय: बांधणी सुरू होण्याआधी आराखडा तपासून द्याल का?

माशेल_ते_मनाली

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं साठीच्या आसपासची. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की भाड्याचं घर सोडायचं आणि निदान दोन वर्षं गाडीतच राहायचं, असं ठरलंय. गाडी घेऊन झालीय: फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० मिमी व्हीलबेस, उंच छपराची, खासगी नोंदणीची. मे महिन्यात फोंड्याजवळ एका बॉडी बिल्डरकडे काम सुरू होईल.

आराखडा असा आहे: भिंतीत ग्लासवूल, १८ मिमी प्लायची कपाटं आणि पलंग, १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्युब्युलर (घरगुती इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल) बॅटऱ्या, छपरावर ४०० वॅटचे सोलर, रात्री चालवायला एक टनाचा घरगुती स्प्लिट एसी, २०० लिटर पाण्याची टाकी, १४.२ किलोचा सिलिंडर, कॅसेट टॉयलेट (खालची टाकी काढून रिकामी करायचं). यात काय बदलावं, काम कोणत्या क्रमानं करून घ्यावं आणि आरटीओत काय करावं लागेल? आकड्यांसकट सांगितलंत तर बिल्डरशी बोलणं सोपं जाईल.

---

वजनकाटा

दादा, पत्र्याला कटर लागण्याआधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे अगदी स्पष्ट केलंय. सीटा काढल्या की आरसीवरची आसनसंख्या चुकीची ठरते. ‘मोटर कॅराव्हॅन’ ही वेगळी वर्गवारी आहे, तिचं मानक एआयएस-१२४. म्हणून आराखडा घेऊन आधी वाहतूक खात्यात जा, परवानगी लेखी घ्या आणि बिल्डर त्या वर्गवारीचं काम कागदासह करून देतो का, हे विचारा. तो ‘नंतर बघू’ म्हणाला तर दुसरा बिल्डर शोधा. बदल आरसीवर आला की विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या. नाहीतर अपघातानंतर दावा नाकारायला त्यांना आयतंच कारण मिळतं.

सतत फिरणाऱ्यांना लागू पडणारी आणखी एक गोष्ट: कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या एका राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणून डिझेलच्या आणि टोलच्या पावत्या जपून ठेवा. घर सोडण्याआधी आधार, लायसन्स, बँक, विमा या सगळ्यांवर एकच टिकाऊ पत्ता आणा, भावाचा किंवा मुलीचा.

आता वजन. १८ मिमी प्लायचा ८ बाय ४ फुटी एक तक्ता ३५ किलोच्या पुढे जातो. असे दहा तक्ते म्हणजे साडेतीनशे किलो, आणि त्यात अजून एक भांडंही ठेवलेलं नाही. कपाटांना १२ मिमी, दारांना ९ मिमी, आणि १८ मिमी फक्त पलंगाच्या आधाराला. सीटा काढल्यावर, डिझेल भरून गाडी काट्यावर न्या. डिचोली, कुडचडे भागात खाणीच्या ट्रकांमुळे वजनकाटे पुष्कळ आहेत. तीन पावत्या घ्या: पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, एकूण. आरसीवरच्या जीव्हीडब्ल्यूमधून (सामानासकट गाडीच्या कमाल वजनातून) एकूण वजा करा, उरलेल्यातून तुमची दोघांची वजनं आणि २०० किलो राखीव काढा. जे राहिलं तेवढ्यातच सगळं सामान, पाणी, बॅटरी बसवायची. बांधणी झाल्यावर टाक्या भरून पुन्हा तोलायचं आणि टायरमधली हवा त्या अ‍ॅक्सलच्या वजनाप्रमाणे, उत्पादकाच्या तक्त्यातून ठरवायची.

एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल जास्त भरणं, हीच नेहमीची चूक. पाण्याची टाकी, बॅटरी, सिलिंडर तिन्ही मागच्या दाराशी ठेवले की पुढची चाकं हलकी होतात, आणि चोर्ला घाटाच्या ओल्या वळणावर स्टिअरिंग सैल लागतं.

---

गंजाला_नाही_थारा

ग्लासवूल गोव्यासाठी नकोच. रात्री पत्रा थंड होतो, आतली दमट हवा त्याला लागून घाम सुटतो आणि ग्लासवूल तो धरून ठेवते. बाहेरून काहीच दिसत नाही; वर्षभरानं पॅनल काढलं की मागे गंजाची पापुद्री. बंद पेशींचा नायट्राइल किंवा एक्सएलपीई फोम घ्या, छपराला २० मिमी, भिंतींना १२ मिमी, चिकटवताना मागे पोकळी न ठेवता.

क्रम महत्त्वाचा आहे कारण तुमच्या हातात फक्त मे महिना कोरडा आहे. पत्र्याचं सगळं काम पावसाआधी संपवा: खिडक्या आणि छतावरच्या पंख्याची भोकं, सोलरचे ब्रॅकेट, गंज घासून इपॉक्सी प्रायमर, पोकळ भागांत मेणाचा फवारा. कापलेल्या प्रत्येक कडेला आधी प्रायमर, मगच सीलंट. ओल्या पत्र्यावर मारलेला प्रायमर पुढच्या उन्हाळ्यात पोपडे धरतो. फोमही मेमध्येच, कारण कॉन्टॅक्ट गोंद दमट हवेत पांढरा पडतो आणि पकडत नाही. सुतारकाम जून-जुलैत छपराखाली आरामात होतं.

खिडक्यांखाली ब्यूटाइल टेप, वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. सिलिकॉन लावू देऊ नका. रंगवलेल्या पत्र्यावरून ते कडेनं सुटतं, आणि एकदा लागलं की त्या जागी दुसरं काही चिकटत नाही. प्लाय ‘आयएस ७१०’ शिक्क्याचा, कापलेल्या कडा पॉलिशनं बंद केलेल्या. स्क्रू एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४, आणि जे बाहेर उघडे राहतात ते ३१६. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला स्टीलचा स्क्रू जाणार असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा सीलंटचा थर हवाच, नाहीतर खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून झिजतं.

गादी अखंड प्लायवर टाकू नका. पट्ट्यांचा पलंग करा, ६० मिमी पट्टी आणि ४० मिमी फट. भिंतीपासून दोन बोटं जागा सोडा. गादीखालची बुरशी आधी वासानं कळते, तोवर गादी गेलेली असते.

आणि गाडी माडाखाली लावायची नाही. नारळच नव्हे, वाळलेली झावळी पडली तरी पॅनलची काच तडकते. किनाऱ्यालगत मुक्काम झाला की निघताना खालचा भाग गोड्या पाण्यानं धुवा: चाकांच्या कमानी, पाटे, ब्रेकच्या नळ्या.

---

बारा_व्होल्ट

विजेचा हिशेब वापरापासून मांडा, बॅटरीपासून नको. दोघांचा दिवस साधारण असा: ५० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, गोव्याच्या उकाड्यात निम्मा वेळ चालू, ६०० वॅट-तास. २० वॅटचे दोन पंखे १० तास, ४००. लॅपटॉप २४०, दिवे १००, मोबाइल ४०, पंप २०. बेरीज १४०० वॅट-तास.

४०० वॅटचे पॅनल सपाट बसवलेले, तापलेले आणि वायरिंगमधली गळती धरली तर एप्रिलच्या स्वच्छ दिवशी जेमतेम तेवढेच देतात. आषाढात त्याचा तिसरा हिस्सा मिळाला तरी पुरे. उरलेले ९००-१००० वॅट-तास दोनच ठिकाणांहून येणार, इंजिनवरून किंवा कुणाच्या तरी प्लगवरून. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तासाला साधारण ४०० वॅट-तास देतो, म्हणजे अडीच तास गाडी चालवणं आलं. नुसता रिले लावून लिथियम बॅटरी अल्टरनेटरला जोडू नका. ती सुरुवातीला इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळतो.

ट्युब्युलर बॅटऱ्या घरासाठी ठीक. इथे दोन मिळून शंभर किलोच्या वर वजन, निम्मीच क्षमता वापरायची म्हणजे १८०० वॅट-तास, आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो तो झोपण्याच्या जागेत. त्याऐवजी १२.८ व्होल्ट २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट: २५६० वॅट-तास, पंचवीस किलोच्या आसपास. मनालीच्या पुढे जाणार असाल तर शून्य अंशाखाली चार्जिंग आपोआप तोडणारं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) असल्याची खात्री करा, थंडीत चार्ज केली तर सेल कायमचे बाद होतात.

एसी बॅटरीवर विसरा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात ४ ते ५ हजार वॅट-तास खातो, म्हणजे भरलेल्या बॅटरीच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय घरगुती स्प्लिटचे तांब्याचे फ्लेअर जोड रस्त्याच्या थरथरीनं तडकतात आणि गॅस निघून जातो. एसी हवाच असेल तर वाहनासाठी बनवलेला घ्या आणि प्लग मिळेल तिथेच लावा. छतावर १४ इंची एक्झॉस्ट पंखा आणि खाली, सावलीच्या बाजूला हवा आत येण्याची जागा, एवढ्यानं रात्र निभावते.

मिक्सरसाठी १५०० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर पुरे. तो पूर्ण भारावर १४० अँपिअर ओढतो, म्हणून बॅटरीपासून दीड मीटरच्या आत, ५० चौरस मिमी केबल, २०० अँपिअरचा फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. फ्यूजच्या अलीकडची वायर घासली तर तिला वाचवणारं काही नसतं. डीसी-डीसीची केबल पाच मीटर जाणार असेल तर १६ चौरस मिमी घ्या, कारण ६ चौरस मिमीवर ३० अँपिअरला जवळपास एक व्होल्ट वाटेतच जातो. लग (केबलच्या टोकाच्या टोप्या) हायड्रॉलिक क्रिम्पनं दाबलेले, वर गोंदवाली हीटश्रिंक, वायर शक्यतो टिनची कल्हई केलेली. साधं तांबं इथल्या खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आत हिरवं पडत जातं.

बाहेरच्या प्लगसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (वीजगळती झाली की तोडणारा स्विच) आणि डबल पोल एमसीबी. जोडण्याआधी सॉकेट टेस्टर लावा. फेज-न्यूट्रल उलटे आणि अर्थिंग नसलेले सॉकेट पुष्कळ असतात. एक्स्टेन्शन केबल रीळावरून पूर्ण सोडा, गुंडाळलेली तापते.

---

सत्तरीची_वाट

पाणी, गॅस आणि टॉयलेटबद्दल सांगते.

२०० लिटर म्हणजे २०० किलो. बादलीत मोजून आंघोळ केली तर दोघांना दिवसाला ४०-४५ लिटर लागतात. १२० लिटरची टाकी पावणेतीन दिवस जाते, ती पुरे. मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, जमिनीलगत, आत आडवे पडदे असलेली. अर्धी भरलेली बिनपडद्याची टाकी घाटात आतल्या आत हेलकावते आणि गाडीला ढकलते. भरताना फूडग्रेड पाइप, त्यावर २० मायक्रॉनचा गाळ-फिल्टर. पावसात इथल्या विहिरींचं पाणी लालसर गढूळ होतं आणि पंपाची जाळी तासाभरात भरते. पंप सारखा चालू-बंद होत असेल तर आधी ती जाळी पाहा, मग जोडांची गळती. तीन महिन्यांनी एकदा भरलेल्या टाकीत ५ टक्क्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच १०० लिटरला १०० मिली, नळातून वास येईपर्यंत सोडून चार तास ठेवायचं, मग दोनदा धुवायचं.

१४.२ किलोचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो, आणि घरगुती जोडणी पत्त्याला बांधलेली. पाच किलोचे दोन घ्या. ते ओळखपत्रावर मिळतात आणि दोघांना एक तीन-चार आठवडे जातो. सिलिंडरची पेटी आतून पूर्ण बंद, दार बाहेर, तळाला भोक. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खालूनच निघाला पाहिजे. गॅसचा अलार्मही जमिनीलगत, वर छताला नको. गाडी चालताना रेग्युलेटर बंद. २ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक शेगडीच्या वर नव्हे, दाराजवळ.

कॅसेट दोघांची तीन दिवसांत भरते. सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासातच रिकामी करा, यजमानाला विचारून. फॉर्मल्डिहाइडवालं रसायन वापरू नका, त्यानं टँकमधले जीवाणू मरतात आणि लोक पुढच्यांना नाही म्हणू लागतात. भांड्यांच्या पाण्याला ६० लिटरची वेगळी टाकी.

---

बारा_व्होल्ट

ताई, गॅस पूर्ण काढून इंडक्शन का नको? एक जोखीम कायमची जाते.

---

सत्तरीची_वाट

तुमच्याच हिशेबात बसत नाही दादा. दोन वेळचा स्वयंपाक इंडक्शनवर ९०० वॅट-तास तरी घेतो. पावसात तेवढे आणायचे कुठून? पण प्लग असेल तिथे इंडक्शन जरूर वापरावं, आणि त्याला आणखी एक कारण आहे. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाण्याची वाफ गाडीत सुटते. पावसाळ्यात तीच भिंतीवर बसते. शेगडी पेटली की छताचा पंखा चालू, हा नियम करा.

---

माशेल_ते_मनाली

खूप आभार. एसी, ग्लासवूल आणि ट्युब्युलर तिन्ही काढले. उद्याच वाहतूक खात्यात जातो. दोन शंका राहिल्या: निघण्याआधी तपासणी कशी करायची, आणि गोव्यात मुक्काम कुठे करता येतो?

---

वजनकाटा

मुक्काम होमस्टे किंवा ओळखीच्या अंगणात, विचारून आणि पैसे देऊन. किनाऱ्यावर गाडी उतरवायची नाही. पर्यटन स्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो (२०१९ च्या दुरुस्तीत तो २,००० रुपये ठरला होता), तेव्हा बाहेर शेगडी मांडू नका. गावातल्या वाटांवर चिऱ्याच्या कुंपणांमधून जाताना आरसे दुमडून किती रुंदी लागते ते मोजून ठेवा. एकूण उंची, पॅनल आणि पंखा धरून, डॅशबोर्डवर लिहून चिकटवा. फांद्या आणि लोंबत्या वायरी सगळीकडे आहेत.

तपासणी ऑगस्टमध्येच करा, भर पावसात. घर हातात असताना गाडी अंगणात लावून दोन आठवडे तिच्यातच राहा, घराचा नळ आणि प्लग न वापरता. रोज सकाळी बॅटरीची टक्केवारी, पाण्याची पातळी आणि गादीखालची ओल लिहून ठेवा. मग ताशी ६० च्या वेगानं पावसात तासभर चालवा; उभ्या गाडीत न गळणारी खिडकी वाऱ्याच्या दाबानं गळते. खिडक्यांखाली आणि छताच्या पंख्याभोवती टिश्यू कागद दाबून पाहा.

त्यानंतर पूर्ण भरून अनमोड घाट वर-खाली. उतरताना तोच गिअर, ज्यात चढलात. खाली आल्यावर ब्रेक पेडल मऊ लागलं तर ब्रेक ऑइल बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचंच. चारही चाकांच्या रिमपासून हातभर अंतरावर तळहात धरा. एकच चाक जास्त तापलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकत असणार. टायरवरच्या चार आकडी शिक्क्यात पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांवरचे टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, लांबच्या वाटेला नेऊ नका. जॅक भरलेल्या गाडीचं वजन उचलतो का, हेही अंगणातच पाहून घ्या, खाली ठेवायला एक जाड फळी बरोबर असू द्या.