मानणे, पटणे, श्रद्धा ठेवणे : फरक नेमका कुठे?

विचारणा (सातारा)

गेल्या महिन्यात वडिलांचं वर्षश्राद्ध झालं. त्याआधी घरात वाद झाला. मी म्हणालो, "माझा या विधीवर विश्वास नाही." आत्या म्हणाली, "विश्वासाचं कुठं काढलंस? तू नगं मानू. तिथीला घरला ये, चार घास खा, बास." मी गेलो. पण तिने माझा शब्द बाजूला सारून दुसराच शब्द पुढे केला, ते अजून मनात आहे.

आपण कुणाला "देवावर विश्वास ठेवतोस का?" असं सहसा विचारत नाही. "देव मानतोस का?" असं विचारतो. 'मानला तर देव, नाही तर दगड' यातही मानणंच आहे. या क्रियापदात मन आहे, मानही आहे. आत्या भाऊ मानते, गुरू मानते, एखाद्याचा शब्द मानते. त्यातलं काहीच ती सिद्ध करायला बसत नाही. याउलट 'पटणे' हे कर्त्याच्या हातात नसतं. मी एखादी गोष्ट ठरवून मानू शकतो, ठरवून पटवून घेऊ शकत नाही. 'मला पटतं' म्हणताना 'मी'सुद्धा उरत नाही, 'मला' होतो.

मग 'श्रद्धा' कुठे बसवायची? आमच्या घरी हा शब्द कुणी बोलतच नाही. आजी 'भाव' म्हणायची. श्रद्धा मला पहिल्यांदा शाळेच्या निबंधात भेटली. गंमत नव्हे, खरंच आश्चर्य वाटतं की श्रद्धेने करायचं ते श्राद्ध. म्हणजे तोंडातून गेलेला शब्द तिथीच्या रूपाने घरात राहिलाच. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद (मिरज)

क्रियापदं बघा, उत्तर तिथे आहे. विश्वास बसतो, उडतो, तुटतो. बसायला अनुभव लागतो आणि अनुभवानेच तो उडतो. मुळात 'श्वस्' धातू आहे, श्वास घेणे. ज्याच्याजवळ निर्धास्त श्वास घेता येतो त्याच्यावर विश्वास. श्रद्धा मात्र ठेवायची असते. 'श्रत्' आणि 'धा' यांतून तो शब्द झाला, आणि 'धा' म्हणजेच ठेवणे. म्हणून 'श्रद्धा ठेवणे' म्हणताना आपण दोनदा ठेवतो!

आमच्या गावात दवाखाने पुष्कळ, लांबून पेशंट येतात. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक म्हणतात, "डॉक्टरवर विश्वास हाय." तेच संध्याकाळी मिरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन येतात, हिंदूही जातात, तिथे ते 'भाव' म्हणतात. शब्दांची अदलाबदल मी कधी ऐकली नाही. ऑपरेशनचा कागद समजून घेऊन सही करणारा माणूसच दर्ग्यात फुलं वाहतो. त्याला गोंधळलेला म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रतिसाद (वाई)

वरचं सगळं मान्य, पण बाकावरच्या माणसाची दुसरी बाजूही आहे. आमच्या भागात 'बाहेरचं' हा शब्द आहे. "बाहेरचं काहीतरी हाय, बघून घ्या." बघून घ्या म्हणजे देवऋष्याकडे न्या. माझ्या लहानपणी शेजारच्या पोराला असाच ताप अंगावर काढायला लावला होता. त्या घरात भावाची कमतरता नव्हती. भीती होती, आणि ती 'भाव' या नावाखाली खपत होती.

'अंधश्रद्धा' या शब्दाची अडचण मला जाणवते ती व्याकरणाची. 'माझी श्रद्धा' म्हणतात, 'माझी अंधश्रद्धा' मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तो शब्द नेहमी दुसऱ्याच्या दारात ठेवलेला असतो. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला वाहिलं, 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी कायदा झाला. त्या कायद्याचं लांबलचक नाव वाचा : नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा, जादूटोणा हे शब्द आहेत, 'अंधश्रद्धा' नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. तुम्ही काय मानता हे तो विचारत नाही, तुम्ही दुसऱ्याचं काय करता हे विचारतो. रेघ मला तिथे पटते.

तुमच्या आत्याबाईंनीही तेच केलं असं मला वाटतं. 'मान' म्हणाल्या नाहीत, 'ये' म्हणाल्या.

पुन्हा विचारणारा (सातारा)

दोघांचेही मनापासून आभार. वाईकरांच्या शेजारचा तो पोरगा डोक्यातून जात नाही.

एक सांगायचं राहिलं. वडील देव मानत नव्हते, नवस-उपास काही नाही, घरी सत्यनारायणही होऊ दिला नाही. पण एसटी माहुलीच्या पुलावरून जाताना कृष्णेत नाणं टाकायचे. मी एकदा विचारलं, "तुम्ही हे मानता?" म्हणाले, "नाही. आई टाकायची." याला भाव म्हणावं की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. संगम माहुलीलाच त्यांना पोचवलं. परतताना पुलावर मी खिसा चाचपला, आणि सापडलं ते टाकलं.