बोट टेकलं की मोजमाप बिघडतं

‘एका पायावर उभं राहून तोल तपासताना भिंतीला नुसतं बोट टेकवतो, भार देत नाही, मग चाचणी धरायला काय हरकत?’ असं काहीजण विचारतात, ते मला पटलं नाही. दहा सेकंद एका पायावर उभं राहून बघा हा सल्ला चांगलाच आहे, पण बोट लावलंत की वेगळंच काहीतरी मोजताय. जेका आणि लॅकनर या संशोधकांनी १९९४ साली हेच तपासलं होतं. धडधाकट माणसं, एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून उभी, बाजूला टेकायला दांडी. बोटाचा दाब १ न्यूटनपेक्षाही कमी, म्हणजे जेमतेम १०० ग्रॅम वजनाइतका. तरी शरीराचं झुलणं जवळपास तितकंच कमी झालं, जितकं दांडीवर जोर दिल्यावर होत होतं! एवढ्याशा दाबाने अख्खा माणूस सावरला जात नाही. आपण कुठे कलतोय याची खबर बोटाच्या टोकाकडून मेंदूला मिळते आणि सावरायचं काम पायांचे स्नायूच करतात.

फोर्स प्लेटवर, म्हणजे पायांखालचा दाब कुठे सरकतो ते मोजणाऱ्या पाटीवर, हे छान दिसतं. डोळे मिटले की पडद्यावरची रेघ गुंतवळासारखी पसरत जाते, आणि शेजारच्या खुर्चीला बोट लागलं की आक्रसते. उभ्या माणसाला आपण आधार घेतला असं वाटतही नाही. म्हणून घरी करताना दाराच्या चौकटीत उभं राहा, हात दोन्ही बाजूंपासून चार बोटं लांब. तोल गेला तर खुशाल धरा, फक्त तिथेच घड्याळ थांबवा. आणि डोळे मिटून आलेला आकडा वेगळा लिहा, तो बराच कमी येणार.