उरलेल्या शेडेड लोकरीची त्रिकोणी शाल: रंगांचे पट्टे सारखे कसे येतील?

प्रश्न: शेडेड लोकरीचे तीन गुंडे उरलेत: ३८, ३१ आणि २७ ग्रॅम. जाडी एकच, १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर. सुई ४ मिमी, सगळं सुलट विणकाम. मानेपासून खाली शाल विणायची आहे. लोकर संपेपर्यंत विणायचं, पण पट्टे फार कमी-जास्त रुंदीचे नकोत.

उत्तर १: या आकारात ते अगदी सारखे येणारच नाहीत. दर दोन ओळींना चार टाके वाढतात, त्यामुळे निम्मी लोकर शेवटच्या ३० टक्के उंचीतच जाते. २७ ग्रॅमचा गुंडा आधी घेतलात तरी तो निम्म्याहून थोडी जास्त उंची व्यापेल. पुढचे दोन प्रत्येकी जेमतेम पाव. ३८चा आधी घेतलात तर विचारूच नका! म्हणून चढत्या वजनानेच लावा.

सांध्यापाशी नव्या गुंड्याची दोन्ही टोकं, आतलं आणि बाहेरचं, जुन्या रंगाला लावून बघा. जुळेल तिथून सुरुवात. एकही जुळत नसेल तर १०-१२ ओळी दोन जुन्या, दोन नव्या अशा आलटून-पालटून विणा. कडेने वर नेलेला धागा सैल ठेवा, नाहीतर तेवढीच कड आखडते आणि ब्लॉकिंगनेही (ओली करून ताणून वाळवण्यानेही) सुटत नाही.

उत्तर २: पट्टे सारखेच हवे असतील तर त्रिकोण सोडा, तिरकी पट्टी विणा. ६० टाके घाला. सुलट बाजूच्या प्रत्येक ओळीत सुरुवातीला एक टाका वाढवायचा, शेवटी दोन एकत्र. टाके कायम ६०च. अर्थात ९६ ग्रॅममध्ये शाल नाही, रुंद मफलरच होईल.

उत्तर ३: त्रिकोणच करणार असाल तर टाके बंद करायला लोकर राखून ठेवा, घात तिथेच होतो. शेवटाकडे दोन ओळींच्या आधी आणि नंतर गुंडा वजन करा. दोन ओळींना २ ग्रॅम लागत असतील, तर ५ ग्रॅमपेक्षा कमी उरल्यावर पुढची जोडी सुरू करू नका. कड ताणली जाईल अशी सैल बंद करायला साध्या ओळीच्या जवळजवळ दुप्पट धागा जातो, आणि घट्ट बंद केलीत तर त्रिकोणाचं टोक वर वळतं.

सांधा ओल्या तळव्यांत चोळून करायचा विचार असेल तर आधी तुकड्यावर बघा. सुपरवॉश (मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली) लोकर अशी चिकटत नाही. मग १५ सेंमी टोक ठेवून सुईने त्याच रंगात ओवायचं.