अवतरणचिन्हांची आपोआप जोडी: देवनागरी नोंदींतच जादा चिन्ह का उमटते?

रिकामीओळ यांचा प्रश्न

सीएसव्ही फायली (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या मजकूर-फायली) मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून हाताने दुरुस्त करतो. उघडता कंस किंवा अवतरणचिन्ह टंकले की त्याचे जोडीदार चिन्ह आपोआप पुढे ठेवण्याची सोय या एडिटरमध्ये मुळातच चालू असते, आणि प्रोग्रॅम लिहिताना तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. अडचण येते ती डेटाच्या फायलींत. पुढील ओळ पाहावी. शेवटच्या रकान्यात स्वल्पविराम असल्यामुळे तो रकाना दुहेरी अवतरणांत असायला हवा, परंतु बंद करणारे चिन्ह राहून गेले आहे:

१२,४०,"लाल, मोठा

कर्सर ओळीच्या शेवटी नेऊन अवतरणचिन्हाची कळ एकदाच दाबली, तरी ओळ अशी होते:

१२,४०,"लाल, मोठा""

जादा चिन्ह खोडण्यासाठी बॅकस्पेस दाबावी, तर दोन्ही चिन्हे एकदम जातात. आणि ते चिन्ह नजरेतून सुटले, तर फाइल वाचणारा प्रोग्रॅम कोणतीही त्रुटी दाखवत नाही. केवळ नोंदींची संख्या कमी भरते, कारण या ओळीपासून पुढच्या अवतरणचिन्हापर्यंतच्या साऱ्या ओळी एकाच रकान्यात जाऊन बसलेल्या असतात.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. तोच रकाना रोमन लिपीत असेल, तर तीच कळ त्याच जागी दाबल्यावर एकच चिन्ह उमटते. फाइल युटीएफ-८ मध्ये जतन केलेली आहे आणि कळफलक बदलून पाहिल्यानेही फरक पडत नाही. लिपीचा आणि अवतरणचिन्हाचा येथे काय संबंध असावा? ही सोय पूर्णपणे बंद न करता यातून काही मार्ग निघतो का?

तिरपीरेघ यांचे उत्तर

येथे दोन स्वतंत्र नियम एकमेकांत अडकले आहेत. सीएसव्हीचा नियम सोपा आहे: २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजानुसार अवतरणांतील मजकुरात अवतरणचिन्हच लिहायचे असेल, तर ते दोनदा लिहावे लागते. त्यामुळे आपल्या ओळीच्या शेवटची दोन चिन्हे म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी मजकुरातले एक चिन्ह ठरते आणि रकाना उघडाच राहतो. ओळ संपली तरी तो संपत नाही, कारण अवतरणांत नवी ओळ येणे वैध आहे. त्रुटी न दिसण्याचे कारण हेच आहे. पायथॉनचे सीएसव्ही मॉड्यूल मूळ मांडणीत अशा बाबतीत बरेच उदार असते.

आता एडिटरकडे वळू. कंसांच्या बाबतीत उघडणारे आणि बंद करणारे चिन्ह वेगळे असल्यामुळे एडिटरला फारसा विचार करावा लागत नाही. सरळ अवतरणचिन्ह दोन्ही कामांसाठी एकच असते. त्यामुळे आपण मजकूर उघडत आहोत की बंद करत आहोत, याचा अंदाज एडिटर आजूबाजूच्या चिन्हांवरून बांधतो. लगेच मागे शब्दातले अक्षर असेल, तर हे चिन्ह बंद करणारे असणार, किंवा रोमन लिपीतील मजकुरातला अपॉस्ट्रॉफी असणार, असे धरून जोडी घालायची नाही, हा त्यातला सर्वात प्रचलित नियम आहे.

प्रश्न असा, की ‘शब्दातले अक्षर’ कोणी ठरवायचे? काही ठिकाणी हा नियम रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुराचे नमुने ओळखणाऱ्या सूत्राने, लिहिलेला असतो आणि त्यात ए ते झेड ही रोमन अक्षरे, शून्य ते नऊ हे अंक आणि अधोरेखा एवढेच दिलेले असते. जावास्क्रिप्टमध्ये ‘शब्दातले अक्षर’ दर्शवणारे जे आखूड चिन्ह आहे, त्याचाही अर्थ एवढाच होतो, आणि आजचे कितीतरी एडिटर जावास्क्रिप्टमध्ये किंवा तिच्याच कुळातल्या टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेले आहेत. अशा नियमाला देवनागरीतले एकही अक्षर अक्षर वाटत नाही.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. युनिकोडची जाण ठेवणाऱ्या काही नियमांना ठ, ल, क ही अक्षरे म्हणून मान्य असतात, परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पायमोडकी रेघ ही युनिकोडमध्ये अक्षरांच्या गटात नसून जोडचिन्हांच्या गटात येतात. पायथॉन ३ मधील रेग्युलर एक्स्प्रेशनची वागणूक अशीच आहे. म्हणजे ‘लाल’ हा शब्द ल या अक्षरावर संपतो म्हणून चालतो आणि ‘मोठा’ हा शब्द कान्यावर संपतो म्हणून नापास होतो.

आपल्या एडिटरमध्ये यांपैकी कोणता प्रकार आहे, हे तपासणे अवघड नाही. ‘लाल’ आणि ‘मोठा’ हे शब्द रिकाम्या फाइलमध्ये वेगवेगळ्या ओळींवर लिहून प्रत्येकाच्या शेवटी अवतरणचिन्ह टंकून पाहावे. दोन्हीकडे जोडी उमटली तर पहिला प्रकार, फक्त ‘मोठा’ या शब्दानंतर उमटली तर दुसरा. तोवर जादा चिन्ह काढताना बॅकस्पेसऐवजी डिलीट वापरावी, म्हणजे कर्सरच्या पुढचे तेवढेच चिन्ह जाईल.

अधोरेखा यांचे उत्तर

वरील स्पष्टीकरण मला पटते. त्यात एवढीच भर घालतो, की त्रास केवळ अंदाज चुकल्याने होतो असे नाही. अंदाज बरोबर असतानाही एका कळीमागे एकच अक्षर उमटते हे गृहीतक मोडलेले असते, आणि एडिटरमधल्या पुष्कळ गोष्टी त्या गृहीतकावर उभ्या असतात.

विम या एडिटरचे उदाहरण घेऊ. उघडता कंस टंकताच दोन्ही कंस घालावेत आणि मग डावीकडच्या बाणाची कळ दाबल्याप्रमाणे कर्सर आत आणावा, असे एका ओळीचे मॅपिंग (एका कळीला नेमून दिलेला कळांचा क्रम) अनेक जण आपल्या मांडणीत ठेवतात. परंतु विममध्ये इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर टंकत असताना, बाणाची कळ वापरली, की तेथून अनडूचा नवा टप्पा सुरू होतो. परिणामी एका दमात लिहिलेले वाक्य अनडू केले, तर फक्त कंसातला मजकूर जातो आणि रिकामे कंस मागे उरतात. टिंबाची कळ दाबून तीच दुरुस्ती दुसरीकडे पुन्हा करू पाहावे, तर तेथेही कंसांशिवाय आतला तुकडा तेवढा उमटतो. यावरचा उपाय विमच्या मदतपुस्तिकेतच दिलेला आहे: मॅपिंगमध्ये डावीकडच्या बाणाच्या आधी कंट्रोल-जी आणि मोठे यू हा क्रम घातला, की कर्सर त्याच ओळीवर राहतो तोवर अनडूची साखळी तुटत नाही.

मॅक्रोची गत याहून वाईट होते. मॅक्रोमध्ये दाबलेल्या कळा नोंदल्या जातात, उमटलेला मजकूर नव्हे. नोंदवताना कर्सरपुढे मोकळी जागा होती म्हणून जोडी पडली, आणि चालवताना तेथे अक्षर होते म्हणून पडली नाही, तर पुढच्या सगळ्या हालचाली एका घराने चुकतात.

कोरापडदा यांचे उत्तर

माझे मत थोडे कडवट वाटेल, परंतु मी ही सोय सर्वत्र बंद ठेवतो. तिच्यामुळे बंद करणाऱ्या कंसाची एक कळ वाचते म्हणतात, आणि प्रत्यक्षात त्या कंसाबाहेर पडण्यासाठी पुन्हा तीच कळ किंवा बाणाची कळ दाबावीच लागते. गणिताचा मजकूर लिहिणाऱ्याला तर अर्धोन्मुक्त अंतराल (एक टोक धरलेले, दुसरे वगळलेले) लिहिणेही जड जाते. [0, 1) एवढेच लिहायचे असताना चौकोनी कंस आधीच बंद झालेला असतो आणि कागदावर [0, 1)] उमटते. रस्टमध्ये जीवनकाल दाखवणारे किंवा लिस्पमध्ये यादीपूर्वी येणारे एकेरी चिन्ह कधीच जोडीने येत नाही, म्हणून प्रत्येक भाषेसाठी अपवाद लिहीत बसावे लागते. निवडलेल्या मजकुराभोवती कंस घालण्याची सोय मात्र मी ठेवली आहे, कारण तेथे माझा हेतू निवडीतूनच स्पष्ट झालेला असतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये या दोन्हींच्या सेटिंग वेगवेगळ्या आहेत.

तिरपीरेघ

सर्वत्र बंद करणे मला तरी टोकाचे वाटते. महिरपी कंस उघडून एंटर दाबल्यावर आतल्या ओळीचे समासांतर आपोआप मिळते, ते मी सोडणार नाही. अवतरणांबाबत मात्र मी आपल्याशी सहमत आहे, आणि व्हीएस कोडमध्ये कंसांची व अवतरणांची जोडणी स्वतंत्रपणे, भाषेनुसार बंद करता येते. तेथे आणखी एक बारकावा आहे, तो म्हणजे एडिटरने स्वतः घातलेली चिन्हे तो लक्षात ठेवतो, आणि मूळ मांडणीत केवळ तीच चिन्हे पुन्हा टंकल्यावर ओलांडली जातात किंवा बॅकस्पेसने जोडीने खोडली जातात. पण कर्सर त्या कंसांबाहेर जाऊन आला, की ही आठवण पुसली जाते. त्यामुळे तोच मजकूर, तीच कळ आणि निकाल वेगळा, असा अनुभव येतो. इमॅक्स या एडिटरमध्ये २०१२ च्या २४.१ या आवृत्तीपासून जोडी घालणारा इलेक्ट्रिक-पेअर-मोड आहे आणि जोडी कधी घालू नये हे ठरवणारे फंक्शन वापरकर्त्याला स्वतः देता येते.

दोनबिंदू यांचा पूरक प्रश्न

आमच्याकडे ब्राउझरमधल्या कोड एडिटरची चाचणी सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाद्वारे होते. त्यात एका ओळीची विधाने व्यवस्थित टंकली जातात, परंतु महिरपी कंस असलेले फंक्शन टंकले की शेवटी एक कंस जास्त येतो. हा त्याच विषयाचा भाग समजावा का?

अधोरेखा

होय, अगदी त्याच. एका ओळीत चाचणीने पाठवलेला बंद करणारा कंस आधीच पडलेल्या कंसाला येऊन भिडतो आणि एडिटर तो ओलांडतो, म्हणून दोष झाकला जातो. उघडत्या महिरपी कंसानंतर एंटर पाठवला, की बंद करणारा कंस खालच्या ओळीवर ढकलला जातो. पुढे चाचणी फंक्शनचा मजकूर, पुन्हा एंटर आणि मग स्वतःचा बंद करणारा कंस पाठवते. त्या क्षणी कर्सरपुढे कंस नसून ओळीचा शेवट असतो, म्हणून ओलांडण्यासारखे काही सापडत नाही आणि नवा कंस उमटतो. टंकनच तपासायचे नसेल, तर मजकूर कळांनी पाठवण्याऐवजी एडिटरच्या एपीआयमधून (इतर प्रोग्रॅमसाठी दिलेल्या आज्ञांमधून) थेट भरावा.

टर्मिनलमध्ये पेस्ट केलेल्या कोडचे कंस दुप्पट होतात, त्यामागेही हेच आहे. पेस्ट झालेला मजकूर एडिटरला टंकलेल्या कळांसारखाच दिसतो. ब्रॅकेटेड पेस्ट या पद्धतीत टर्मिनल त्या मजकुराच्या दोन्ही टोकांना अनुक्रमे २०० आणि २०१ हे अंक असलेले एस्केप क्रम लावतो, त्यामुळे एडिटरला फरक कळतो. हे पाठबळ नसलेल्या ठिकाणी विममध्ये पेस्ट हा पर्याय तात्पुरता चालू करावा. त्याने इन्सर्ट मोडमधली सारी मॅपिंग तेवढ्यापुरती निष्क्रिय होतात.

रिकामीओळ

सांगितल्याप्रमाणे तपासले. ‘लाल’ या शब्दानंतर एकच चिन्ह आले आणि ‘मोठा’ या शब्दानंतर दोन, म्हणजे हा दुसरा प्रकार आहे. सीएसव्हीसाठी अवतरणांची जोडणी बंद केली आहे. आधी जतन झालेल्या फायलींत असे किती दोष दडले आहेत, हे शोधण्याची काही पद्धत सुचवाल का?

तिरपीरेघ

ओळीच्या शेवटी दोन अवतरणचिन्हे आहेत का, एवढेच शोधू नये, कारण रिकामा रकाना वैधपणे तसाच दिसतो. त्याऐवजी प्रत्येक ओळीतली दुहेरी अवतरणचिन्हे मोजावीत. निर्दोष ओळीत ती सम संख्येने असतात. आपल्या उदाहरणातल्या ओळीत तीन आहेत. एखाद्या रकान्यात खरोखरच नवी ओळ असेल, तर तेथेही विषम संख्या येईल, परंतु अशा वेळी रकाना जेथे सुरू होतो आणि जेथे संपतो अशा दोन ओळी हाताला लागतात. जोडीदार न सापडणारी विषम ओळ आधी तपासावी. दोन दोषी ओळी एकमेकींच्या जोडीदार भासण्याची शक्यता राहतेच, म्हणून जोडी जुळलेल्या ठिकाणी मधल्या ओळी खरोखर एकाच रकान्यातल्या आहेत का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.