तोक्योच्या अर्काइव्हजला जायच्या आधी

वर ज्यांनी विचारलंय ना, की तोक्योत चारच दिवस आहेत आणि मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) मुंबई-जपान व्यापाराचे कागद बघायचेत, त्यांना माझं पहिलं सांगणं, तिकीट काढायच्या आधी घरी बसून जाकार (JACAR), म्हणजे जपानच्या जुन्या सरकारी कागदांचा ऑनलाइन संग्रह, बघा. २००१ पासून ऑनलाइन आहे, फुकट आहे, नॅशनल अर्काइव्हज, परराष्ट्र खातं आणि लष्कराचे कागद एकाच सर्चमध्ये येतात. जे तिथे स्कॅन झालंय त्यासाठी कशाला दिवस घालवायचा!

सर्च करताना मी सुरुवातीला काताकानात, म्हणजे परकी नावं उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी लिपीत, बोंबेई टाकत बसलो, निम्मं हाती लागेना. जुन्या कागदात मुंबई दोन कांजींत (चिनी चिन्हांत) लिहितात, दुसरी चक्क 'विकत घेणे'ची, तीही टाकून बघा. तारखांचं पण तेच, कागदांवर मेइजी काळाचं कितवं वर्ष ते असतं, त्यात १८६७ मिळवायचे की इसवी सन आलं, म्हणजे मेइजी २६ म्हणजे १८९३, जपान-मुंबई बोटसेवा सुरू झाली ते साल. पण मेइजी ५ पर्यंत चांद्र कॅलेंडर होतं, त्यामुळे तिथे महिना-दिवस जुळवताना जपून.

नॅशनल अर्काइव्हज ताकेबाशी स्टेशनवरून चालत जवळच. कॅटलॉगमध्ये फाइलपुढे 'योशिन्सा' दिसलं तर ती तपासल्याशिवाय देत नाहीत, त्यात आठवडे जाऊ शकतात, म्हणून अर्ज इथूनच करून ठेवा. आत पेन चालत नाही, पेन्सिलच. फोटो स्वतःच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश बंद. आणि एप्रिलअखेरीची गोल्डन वीक, म्हणजे तिथल्या लागोपाठ सुट्ट्यांचा आठवडा, टाळाच.