गावातल्या कार्यक्रमात बिबट्याचे कोणते फोटो दाखवावेत?

प्रश्न: जुन्नर भागात ऊसतोडीआधी गावात कार्यक्रम घ्यायचाय. कॅमेरा ट्रॅपचे (जनावर समोरून गेलं की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे) फोटो आहेत. लोक घाबरू नयेत, पण काळजी घ्यावी, यासाठी काय दाखवावं?

उत्तर १: दात विचकलेले फोटो आधी बाजूला काढा. ते बहुधा पिंजऱ्यातल्या, बिथरलेल्या जनावराचे असतात. त्याऐवजी एकाच मादीचे फोटो क्रमाने लावा. ओळख कुशीवरच्या ठिपक्यांवरून पटते. मात्र डावी कूस डाव्या कुशीशीच जुळवा, दोन्हीकडची नक्षी वेगळी असते.

उत्तर २: बछड्यांची गोष्ट हवीच, जीव तिथे गुंततो. उसात पिल्लं दिसली की तोड थांबवायची, हात लावायचा नाही, वनखात्याला कळवायचं. तपासणीनंतर पिल्लं संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि मादी बहुतेक वेळा रात्रीत घेऊन जाते. बघ्यांची गर्दी असली की ती जवळ येत नाही. पिल्लू तोंडात धरलेल्या मादीचा फोटो असेल तर सुरुवातीलाच दाखवा.

उत्तर ३: ग्रुपवर टाकण्याआधी फोटोतली जीपीएस माहिती काढून टाका, नाहीतर बिबट्याची जागा कळते. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर ती तशीच जाते. विहीर किंवा देऊळ ओळखू येत असेल तर तो फोटो नकोच.